दुसरी चावी

मालवणच्या जेटीजवळ चहाच्या टपरीबाहेर एक निळी गाडी उभी होती आणि तिच्या हँडलला सुतळीने एक पुठ्ठा बांधला होता – ‘विकणे आहे’. अक्षया खरं तर मासळी घ्यायला आली होती. पिशवीत बांगडे होते, फोंडाघाटला परतायची एसटी अर्ध्या तासावर होती. पण गाडी दिसली… आणि बांगड्यांची पिशवी टपरीच्या बाकावर टाकून ती सरळ गाडीवर जाऊन बसली.

साडेसहाशे सीसीची, टाकीवर ओणवं होऊन चालवायची स्पोर्ट बाईक. अशी गाडी घ्यायची म्हणून अक्षया तीन वर्षं पैसे साठवत होती. वडिलांच्या हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट विकता विकता ती मोबाइलवर याच गाड्या बघत बसायची. नवी परवडणारी नव्हती. वापरलेली, पण नीट वापरलेली हवी होती.

“मॅडम, पाय टेकतायत का? नाही तर सीट थोडी खाली करून मिळेल,” मागून आवाज आला. पर्यटकांशी बोलायची इस्त्रीची मराठी.

तिने वळून पाहिलं. उन्हाने रापलेला, केसांत मिठाचे कण, हातात चहाचा ग्लास… आणि डोळ्यांत हसू.

“मी पर्यटक नाय. फोंड्याची आसंय,” ती म्हणाली. “आणि पाय टेकतत माझे.”

“चवडे टेकतत. टाचो वर आसत.”

“तुझी नजर गाडीर आसा की माझ्या पायांर?”

“गाडी माझी. तिच्यार कोण बसला आसा, ता बघूक नको?”

त्याचं नाव देवेश. तारकर्लीचा. पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवायचा आणि बोटीला नवं इंजिन घ्यायचं म्हणून गाडी काढत होता. भाव दोन मिनिटांत ठरला. इतक्या झटपट ठरलेला व्यवहार बघून टपरीवाल्या भाईलासुद्धा नवल वाटलं. गप्पा मात्र लांबल्या आणि अक्षयाची एसटी निघून गेली.

“चालवन बघ,” देवेश म्हणाला. “पण मी मागे बसतलंय. गाडी घेवन पळालंस तर?”

“आणि माझे बांगडे?”

“भाई सांभाळतलो.”

मागची सीट म्हणजे नावालाच. देवेशने दोन्ही हात शहाण्यासारखे स्वतःच्या मांड्यांवर ठेवले. तारकर्लीच्या रस्त्यावर माडांची सावली-ऊन-सावली अंगावरून पळत होती. पहिला गतिरोधक आला, तसा त्याचा हात तिच्या खांद्यावर पडला आणि चटका बसल्यासारखा मागे गेला. दुसऱ्या गतिरोधकाला पुन्हा पडला. या वेळी तो मागे गेला नाही. तिसरा गतिरोधक नव्हताच, तरी अक्षयाने उगाच ब्रेक दाबला.

परत आल्यावर ती गाडीपाशी उकिडवी बसली आणि चेनला बोट लावून म्हणाली, “चेन ढिली आसा.”

“ढिली?”

“आणि हयसर बघ, गंज.”

“खाऱ्या वाऱ्याक मी काय करू? रोज सांजेक गोड्या पाण्यान धुतंय हिका.”

“चेन ताणून ठेव. पुढच्या आयतवारी येतंय.”

“ये,” तो म्हणाला. “दुसरी चावीय शोधून ठेवतंय. खंय पडली हा, गावणा नाय.”

चेन ढिली नव्हती. हार्डवेअरवाल्याच्या पोरीला ते बोट लावताच कळलं होतं.

मग सुरू झाले ते रविवार. दुसऱ्या रविवारी चेन ठीक निघाली, पण पुढच्या शॉकॲब्सॉर्बरमधून तेल गळतं असं अक्षयाचं म्हणणं पडलं. तिसऱ्या रविवारी तेल गळणं थांबलं, पण इंजिनातून कसलासा आवाज येऊ लागला. तो आवाज फक्त तिलाच यायचा आणि तो नीट ऐकायला तारकर्लीपासून देवबागपर्यंत जाऊन यावं लागायचं. एकदा तर भलत्या दिवसांत पावसाची सर आली. दोघं जाळी ठेवायच्या मांगरात उभी राहिली. तिच्या कपाळावरून पाणी ओघळत होतं, त्याने खिशातला रुमाल काढला… तिच्यासमोर धरला… आणि शेवटी वाकून त्याच रुमालाने गाडीची टाकी पुसली.

“टाकी सुकी झाली?” तिने विचारलं.

“झाली.”

“बरा झाला. तिका सर्दी झाली असती.”

आणि दुसरी चावी? ती काही सापडत नव्हती. चावी नाही तर गाडी कशी न्यायची? अक्षया म्हणायची, “सावकाश शोध.” देवेश म्हणायचा, “शोधतंय.” शहाण्या माणसाने अशा वेळी एक वाक्य बोलून मोकळं व्हावं. पण या दोघांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. चौथ्या रविवारी परतताना अक्षयाने एसटीच्या खिडकीला डोकं टेकवलं आणि ठरवलं, पुढच्या खेपेला सांगायचं. गाडी घ्यायची, चावी हातात घ्यायची आणि सांगायचं, की मला गाडीबरोबर गाडीवालाही हवा आहे. आपण आठ दिवस उशीर करतो आहोत, एवढंच तिला वाटलं.

पाचव्या रविवारी ती थेट तारकर्लीला त्याच्या घरी गेली. नवा अबोली रंगाचा कुर्ता घातला होता, हातात हेल्मेट आणि हातमोजे होते, कागदांवर सह्या करायला पेन घेतलं होतं. घरापुढच्या खळ्यात पाय ठेवते तोच देवेशची आई, शेवंतीकाकी, पेढ्यांचा पुडा घेऊन धावत आली.

“ये गो बाय! पयलो पेढो तुका. तुझ्यामुळाच झाला सगळा.”

“माझ्यामुळा?” अक्षयाच्या गालांवर रंग चढला. त्याने घरात सांगितलं की काय…!

“मगे! तू दर आयतवारी येतंस, बघतंस आणि गाडी आपली तशीच उभी. दुसरो कोण इलो तर ह्यो सांगता, गिराईक ठरलेला आसा. माका रातची झोप नाय. म्हटला, ह्या घरात कायतरी आडता. देवाचा कायतरी ऱ्हवला. बुधवारी देवळात गेलंय, गुरवाक सांगलंय, कौल लाव.”

कौल म्हणजे काय हे अक्षयाला सांगायला नको होतं. गुरव देवाच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या कळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पडली की देवाचा होकार.

“इचारल्यान, झिलाचा लगीन ऱ्हवला म्हणान आडता काय? उजवी कळी अशी पडली गो, माका हात जोडूक वेळ गावाक नाय! मुंबयची पावणी दोन वर्सां मागे लागलेली, ह्यो टाळी होतो. त्याच सांजेक फोन केलंव. काल सुपारी फुटली. सृष्टी नाव तिचा. आणि बघ, काल सुपारी फुटली नि आज तू गाडी न्हेवक इलंस! देवान वाट मोकळी केल्यान.”

पेढा अक्षयाच्या तोंडात होता. तो गिळला जाईना, बाहेरही काढता येईना. चेन, तेल, आवाज… एकेका रविवारी तिने जी एकेक खोट काढली होती, तिची मोजून बेरीज या बाईने देवापुढे नेऊन ठेवली होती. आपल्याच हाताने तिने आपल्या पायावर धोंडा पाडून घेतला होता आणि त्याचा पेढाही तिनेच खायचा होता.

देवेश मागे विहिरीवर गाडी धूत होता. शेवटची आंघोळ. तिला पाहून त्याने कळशी खाली ठेवली.

“तेल गळी नव्हता,” अक्षया म्हणाली.

“ठावक आसा.”

“आवाजय येय नव्हतो.”

“ता पण ठावक आसा. आणि चेन मी पयल्या आयतवाराच्या आदल्या दिसाच ताणलेली.”

“मगे बोललंस कित्याक नाय?”

“बोललंय तर तू गाडी घेवन जातलंस. मगे परत कशाक येतलंस?” त्याने ओला हात खिशात घातला आणि चावी काढली. नवी कोरी, कधी न वापरलेली. “ही… हरवाक नव्हती.”

ती चावीकडे बघत राहिली. पाचही रविवार ती त्याच्या खिशात होती. तिच्या मागे बसायचा तेव्हाही होती.

“आत्ता जावन सांग आवशीक,” ती एकदम म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. “सांग, खोट गाडीत नव्हती. सांग, आपण दोघांनी…”

देवेशने घराकडे पाहिलं. ओटीवर त्याचे वडील, गंगाराम, शेजाऱ्यांना हसून हसून काहीतरी सांगत होते.

“बापाशीन शब्द दिल्यान, अक्षया. थंय त्या पोरीच्या घरात पण पेढे वाटले असतले. आणि आवस म्हणता देवान सांगल्यान. तिका काय सांगू, देव चुकलो?”

“देवाची काय चूक? गाडी आडयलेली आपणच.”

देवेशच्या पायाचा धक्का लागून कळशी कलंडली. तो बोलेल, असं तिला कळशीतलं पाणी सांडून वाहून जाईपर्यंत वाटत होतं. मग वाटेनासं झालं. तिला त्याचा राग आला, स्वतःचा त्याहून जास्त आला.

“माका तू…” तो म्हणाला.

“नको. आता सांगू नको. सांगलंस तर माका रस्तो दिसाचो नाय.”

त्याने चावी पुढे केली. अक्षयाने त्याची बोटं चावीवर मिटवली. पहिल्यांदाच तिने त्याचा हात असा, गाडीच्या निमित्ताशिवाय, हातात घेतला होता.

“ऱ्हवांदे तुझ्याकडे. हरवली म्हणान समज.”

खळ्यात गाडी आणून उभी केली. चाकाखाली लिंबू ठेवलं, समोर नारळ ठेवला. गंगाराम टोपी सारखी करून पुढे झाले, कारण घरातून गाडी जाते आहे तर देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय कशी जाईल? शेजारीपाजारी हात जोडून गोळा झाले. प्रत्येक मागण्याला सगळ्यांनी मिळून होकार द्यायचा, ही रीत. गप्प राहणं अशुभ.

“बा देवा म्हाराजा! आज ह्या घरची गाडी दुसऱ्या घराक जाता. तिच्या वाटेत कायव आडवा येव नको रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“ही गाडी घेवन जाणारा चेडू आमका लेकीसारख्या आसा. घाटात, वळणार तिका सांभाळ रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आणि तुझ्या कौलान माझ्या झिलाचा लगीन जुळला. ता बिनइघ्न पार पडांदे. त्या दोघांचो संसार सोन्यासारखो होवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” सगळे गरजले. अक्षयाचे ओठ हलले, आवाज निघाला नाही. शेवंतीकाकीने तिच्याकडे पाहिलं, अगदी मायेने, ‘म्हण गो’ अशा डोळ्यांनी. सगळं खळं शांत झालं होतं.

“व्हय म्हाराजा,” अक्षया म्हणाली. एकटीच, स्पष्ट.

देवेशचा आवाज मात्र एकदाही आला नाही. तो नारळाकडे बघत उभा होता, मूठ आवळून.

नारळ फुटला, पाणी चाकावर शिंपडलं, लिंबू चिरडलं. पहिल्याच बटणाला गाडी सुरू झाली. तारकर्लीच्या रस्त्यावर माडांची तीच सावली-ऊन-सावली होती. गतिरोधक आला, तेव्हा अक्षयाचा खांदा आपोआप जरा वर उचलला गेला. मग हेल्मेटची काच खाली करून ती मनसोक्त रडली. गाडीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार होतं? कट्टा गावापर्यंत रडली, कणकवलीपर्यंत रडली, आणि त्या वेड्या गाडीने एकदाही कुरकुर केली नाही. निदान एकदा तरी बंद पडली असती, तर मागे वळायला कारण मिळालं असतं.

फोंडाघाटला दुकानासमोर गाडी लावली, तेव्हा ऊन अजून होतं. वडील, गणपत, चष्मा लावून बाहेर आले. चेनला बोट लावलं, शॉकॲब्सॉर्बरवरून फडकं फिरवलं, इंजिनला कान लावून बराच वेळ ऐकत राहिले.

“खोट नाय गो हिच्यात एकव,” ते उठत म्हणाले. “मगे पाच आयतवार काय बघी होतंस?”

ती हातमोजे काढत राहिली.

“आणि चावी एकच? दुसरी खंय?”

“हरवली, बाबा,” अक्षया म्हणाली.