अस्वलिणीची पाठ

आमच्या घरात जनावरं मी घडवते आणि हे जाळतात, असं माझी बायको प्रतिक्षा पाहुण्यांना सांगते. मी दरवेळी चिडतो. खरं तर ती मेणात घडवते. मी वर माती लिंपून भट्टीत तापवतो, मेण वितळून जातं आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततो. मेण एकदा गेलं की गेलं. ओतकाम बिघडलं तर हाती काहीच उरत नाही.

गेल्या वर्षी आमचा मुलगा जन्मताच गेला. तेव्हापासून तिनं मेणाला हात लावला नव्हता. यंदा आंबागडच्या डोंगराखाली मोहफुलं वेचायला गेली आणि परतल्यावर मेण घेऊन बसलीच. अस्वलीण घडवली, मान वळवून बघणारी. अस्वलिणी पिलं पाठीवर घेऊन हिंडतात. हिची पाठ रिकामी होती.

"मागं कायले पाहून राहिली ते?" मी विचारलं.

"मले काय माहीत? मान तशीच वळली." मग हळूच म्हणाली, "बिघडवू नका बरं. पुन्हा माह्याच्यानं होणार नाही."

एरवी मी बढाया मारणारा माणूस, पण त्या दिवशी प्रत्येक गोष्ट तपासून पाहिली. मेण दोनदा तोललं. मेणाच्या दहापट धातू लागतो, हा आमचा हिशेब. वर थोडा जास्तीचाही मुशीत वितळवला.

ओतू लागलो, तर साचा भरेना. जास्तीचा धातूही आत गेला. साचा फुटला असेल म्हणून वाकून पाहिलं, तर बाहेर थेंब नव्हता. मूस रिकामी झाली तेव्हा कुठे धातू तोंडाशी आला.

"झालं का?" तिनं दारातून विचारलं.

"झालं." बाकी सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी साचा फोडला. माती तिनंच खरवडली. मान, खांदे, केस, सगळं नीट उतरलं होतं. पाठीवर मातीचा गोळा राहिला होता. तो तिनं अंगठ्यानं पुसला.

खाली पिलू होतं. आईच्या केसांत नखं रुतवून, डोळे मिटलेलं.

"तू केलं होतं?"

"नाही."

ती भ्यायली नाही. मी मात्र भ्यायलो, आणि तिचा चेहरा पाहून रडूही आलं. वर्षभरात ती अशी हसली नव्हती.

चहा करून आलो, तर ती पिलाला थोपटत बसली होती. चहा गार झाला.

"अहो, इकडे या. हात भरून आला माहा. आता तुमी थोपटा."

"अगं, ब्राँझ आहे ते."

"थांबू नका फक्त. हात थांबला का डोळे उघडते तो."

मी थोपटू लागलो. ती उठून दूध तापवायला गेली.