चिखल्यांच्या वाळूवरचा कढीपत्ता

वाळूवर चार घरटी होती, घरट्यांत मिळून पंधरा अंडी, प्रत्येक घरट्यावर तारेच्या जाळीचा पिंजरा, आणि पिंजऱ्यांच्या आसपास एकतीस सीगल.

"मी थर्टी मोजले," कुश म्हणाला.

"दगडामागचा राहिला तुझा," आसावरी दुर्बीण खाली न घेता म्हणाली.

आठवड्यापूर्वी इथे सीगल होते फक्त सहा.

जून २००५ ची सुट्टी. मिशिगनमधल्याच ट्रॉय गावाहून तीन कुटुंबं लेक मिशिगनमधल्या या छोट्या बेटावर दोन आठवड्यांसाठी आली होती आणि शेजारशेजारच्या तीन केबिनमध्ये उतरली होती. बारा वर्षांची आसावरी, तिच्याच वर्गातला कुश आणि त्याची मोठी बहीण प्रीता या तिघांची पहिल्याच दिवशी सिग्रुनशी गट्टी जमली. सिग्रुन आइसलँडची संशोधक. तिने मुलांना सांगितलं होतं, की तिच्या देशात किनाऱ्यावरचे शेतकरी जंगली बदकांची घरटी जिवापाड जपतात आणि घरट्यातली मऊ पिसं गोळा करून विकतात. बदकंही जगतात, गावही जगतं. तसं काही इथे जमेल का, हे ती तपासत होती.

इथले पक्षी म्हणजे चिखल्या. चिमणीपेक्षा जरासे मोठे, वाळूच्याच रंगाचे, संपूर्ण बेटावर जेमतेम चार जोड्या. म्हातारा वॉल्टर पाहुण्यांना बोटीतून लांबूनच घरटी दाखवायचा आणि उरलेला वेळ किनाऱ्याची राखण करायचा. त्याचं पोट त्या फेऱ्यांवर होतं.

पिंजऱ्याच्या जाळीतून चिखल्या आत-बाहेर करू शकत, सीगल आत शिरू शकत नसत. पण याच आठवड्यात अंडी फुटणार होती, आणि पिल्लं बाहेर आली की काही तासांतच वाळूवर धावायला लागतात. बाहेर एकतीस सीगल टपलेले असले, तर एकही पिल्लू वाचणार नव्हतं. शुक्रवारी पाहणीला सरकारी अधिकारी येणार होत्या. सीगल असेच राहिले तर किनारा सगळ्यांना बंद, आणि वॉल्टरच्या फेऱ्याही बंद.

त्यातून बेटावर जो तो वॉल्टरकडेच बोट दाखवत होता. तो धक्क्यावर मासे साफ करायचा, आणि त्याचा मासेमारीचा मोसम सुरू झाला त्याच शनिवारपासून सीगल वाढले होते. माशांची घाण मी खड्ड्यात पुरतो, हे तो सांगून थकला. कालपासून त्याने फेऱ्या थांबवून बोटीवर ताडपत्री घालून ठेवली होती.

आसावरीला एका जागी बसवेना. घरट्यांभोवती बांधलेल्या दोरीच्या अलीकडची वाळू तुडवत तिने दहा फेऱ्या मारल्या आणि मग तिला ओकाऱ्या आठवल्या. सीगलला जे पचत नाही, ते तो गोळी करून ओकून टाकतो, असं सिग्रुनने शिकवलं होतं. मासे खाल्ले असतील तर गोळीत काटे सापडायला हवेत!

सिग्रुनची परवानगी घेऊन तिघांनी गोळ्या वेचल्या. प्रीताने पहिली गोळी काडीने फोडली. काटे नव्हते. काळे बारीक दाणे होते आणि दुमडलेलं एक चिवट पान. तिने ते नाकाशी नेलं.

"ई, तू वास घेतलास त्याचा?"

"कढीपत्ता," प्रीता म्हणाली. "आणि ही मोहरी."

तिघंही केबिनकडे बघायला लागले. या बेटावर कढीपत्त्याची फोडणी एकाच पातेल्यावर पडत होती: विनीताकाकूंच्या दहीभातावर. विनीताकाकू म्हणजे कुश आणि प्रीताची आई. रोज जेवणं झाली की उरलेला भात त्या तीन डब्यांत भरून केबिनागणिक एकेक डबा देत असत.

"कोण टाकतंय ते विचारूया ना," कुश म्हणाला.

"विचारलं तर सगळे नाही म्हणतील," प्रीता म्हणाली. "मग गुपचूप थांबवतील, आणि वॉल्टरचं नाव खराब ते खराबच राहील. प्रूफ पाहिजे."

युक्ती आसावरीने काढली. त्या संध्याकाळी डबे पोचवायचं काम तिघांनी आपणहून मागून घेतलं. विनीताकाकूंना शंका यायला एवढंही पुरेसं होतं, पण त्या दमल्या होत्या. वाटेत तिसऱ्या केबिनमधल्या मोरेश्वरकाकांच्या डब्यात अख्ख्या लवंगा गेल्या, विनीताकाकूंच्या डब्यात तमालपत्राचे तुकडे, आणि आसावरीच्या घरच्या डब्यात दालचिनीच्या काड्या. सगळं भाताच्या तळाशी.

सकाळी मोरेश्वरकाका जीभ बाहेर काढूनच व्हरांड्यात आले. दहीभातात लवंग कोण घालतं, असं विचारत ते थेट विनीताकाकूंच्या दारात गेले. मी घालत नाही, तुम्हीच बडीशेप समजून काहीतरी खाल्लं असेल, असं विनीताकाकूंनी सुनावलं. कुश हसून वाकला. त्यांचा स्वतःचा डबा फ्रीजमध्ये तसाच होता, झाकणसुद्धा न उघडलेला.

आसावरी हसली नाही. ती धावत आपल्या केबिनमध्ये गेली. सिंकशेजारी डबा धुऊन पालथा घातलेला होता. बाबा पळायला गेले होते.

दुपारी कुशने एक ओली गोळी काडीवर उचलून आणली. आतून दालचिनीची काडी डोकावत होती.

"लिसन," तो हळूच म्हणाला. "ही फेकून देऊ. तुझे बाबा आहेत, यार. कोणालाच कळणार नाही."

धक्क्यावर वॉल्टर ताडपत्रीच्या दोऱ्या घट्ट करत होता. त्या आधीच घट्ट होत्या. आसावरीने गोळी रुमालात घेतली आणि केबिनकडे चालू लागली.

डब्यात दालचिनी कशासाठी घातली ते तिने सांगितलं, तसा बाबांनी रुमाल उलगडून पाहिला.

"मला अन्न कचऱ्यात टाकवत नाही गं," ते म्हणाले. "आणि मला वाटलं, अंड्यांवर बसलेल्या त्या बिचाऱ्यांना लांब जायला नको. म्हणून सकाळी पळायला जाताना पिंजऱ्यांजवळच ठेवायचो."

"चिखल्या भात खात नाहीत, बाबा. किडे खातात. तुमचा भात सीगल खातात, आणि नंतर ते पिल्लं खातील."

"सगळे सारखेच दिसले मला," बाबा म्हणाले. मग त्यांनी बूट घातले. "चल. तू नुसती बरोबर ये. बोलतो मी."

धक्क्यावर ते वॉल्टरशी खूप वेळ बोलले. लांबून आसावरीला फक्त एवढंच दिसलं, की वॉल्टरने आधी टोपी काढून डोकं खाजवलं, आणि मग दोघं मिळून ताडपत्रीच्या दोऱ्या सोडू लागले.

संध्याकाळी सिग्रुन तिन्ही केबिनच्या लोकांसमोर म्हणाली, की आठवडाभर तिची नजर पाण्याकडेच होती, स्वयंपाकघराकडे वळलीच नाही. आणि तीन डब्यांना तीन खुणा, ही पद्धत तिने आपल्या वहीत मुलांच्या नावांसकट लिहून घेतली आहे. वॉल्टरने तिघांना बोटीत सगळ्यात पुढची जागा देऊ केली. भात मोजून शिजवायचं विनीताकाकूंनी कबूल केलं.

"विज्ञानासाठी मी आणखी दोन लवंगा चावल्या असत्या," मोरेश्वरकाका म्हणाले. "पण पोरांनो, डोकं चालवलंत. शाब्बास!"

शुक्रवारी सकाळी अधिकारी यायच्या आधी सिग्रुनने दुर्बीण आसावरीच्या हातात दिली. आसावरीने दोनदा मोजलं, कुशने एकदा, दगडामागे बघून.

सीगल पाच. पिल्लं चौदा.