रिकामा टेंपो

या, सरकून बसा. तो दिवा घालवा, डोळ्यावर येतो माझ्या. आणि मागं कोण बसलंय रे? कोणीच नाही? बरं.

माझा साडू. खुर्च्या भाड्यानं देतो, घरचा टेंपो आहे. गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार, रात्रीचा दीड. नव्या हॉलमधून खुर्च्या आणायला गेला. नवा कसला! रंग नवा. आधी सूतगिरणी होती ती. माणसं पाळीभर उभी. टेकलेला दिसला की मुकादम अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. आमचे सासरे तिथलेच. घरी जेवायचेसुद्धा उभ्यानं, सवयीनं! आता तिथं लाइटी, गाणी, फोटो.

कोणाच्या तरी रिटायरमेंटची पार्टी होती. पाहुणे गेले. हमाल आलाच नाही. साडू एकटा, दोन रात्रींचा जागा. सकाळी सातला त्याच खुर्च्या दुसरीकडे लावायच्या. नाही लागल्या, तर वर्षभराचं ते काम हातचं जाणार.

पहिली खुर्ची धरली. हलेना.

"आजोबा, तुम्हीच खिळा मारला असेल!"

गप रे. प्लास्टिकची खुर्ची ती. दुसरी धरली... नाही. तिसरी... नाही. हॉलच्या मालकाला फोन लावला. मालक म्हणाला, "किती घेतलीयेस?" आणि ठेवून दिला.

हॉल गप्प.

मग कोणीतरी श्वास सोडला. हुश्श... दमलेला माणूस टेकल्यावर सोडतो, तसा. मग शेजारून. मग हॉलभर.

साडू पळाला नाही. पळायला अंगात त्राण नको? मटकन खालीच बसला.

शेवटी, काम आटपल्यावर आपल्या माणसांना म्हणतो तसंच बोलून गेला, "उठा बाबांनो. उशीर झाला. टेंपोत बसा, घरी सोडतो."

...

खुर्ची धरली. उचलली गेली. सगळ्याच.

सातच्या आत पोचला. काम वाचलं. शेवटची खुर्ची उतरवली, आणि बघतो तर टेंपो वर येईना. मागचे स्प्रिंगचे पाटे दबलेलेच, भरल्या गाडीसारखे. आत कोणी नाही.

आता रोज रात्री वळून विचारतो बिचारा, "कुठं सोडू?"

कोणी सांगत नाही...

परवा नवे पाटे टाकले. सकाळी बघितलं.

दबलेले.