वातकुंपणाच्या आत

हिमगर्भ संशोधन केंद्रात स्वयंपाकाची पाळी सगळ्यांवर येई आणि नावं ठेवण्याचा हक्कही सगळ्यांना असे.

"तगारेबाई, डाळ आजही कच्चीच," केंद्रप्रमुख डॉ. धोपेश्वरकर म्हणाले. एवढं बोलतानाही त्यांना दम लागला.

हवामानतज्ज्ञ शर्वाणी तगारे हसली नाही. गेल्या आठवड्यात सहकारी देवस्थळींच्या डाळीचीही अशीच टर उडाली होती. सगळेच एकदम स्वयंपाक विसरले, हे तिला पटेना. तिने उकळत्या पाण्यात तापमापी धरली. दक्षिण ध्रुवाजवळच्या या उंच पठारावर पाणी एकोणनव्वद अंशांना उकळायचं. पारा चौऱ्याऐंशीवरच थांबला.

"सर, हवेचा दाब उतरलाय. बसल्या जागी आपण दीड हजार मीटर वर चढलोय. म्हणूनच दम लागतोय."

"भलतंच! दाबमापी तर ठीक दाखवतेय."

"मर्यादेबाहेरचा आकडा आला की संगणक तो यंत्राचा दोष धरतो आणि गेल्या वर्षीचा भरून टाकतो. तापमानाची मर्यादा तुम्ही वाढवून घेतलीत. दाबाची कुणाला सुचलीच नाही."

धोपेश्वरकरांनी तापमापी स्वतः हातात घेऊन पाहिली. इथला हिवाळा एरवी मोठा चमत्कारिक असे. एप्रिलपर्यंत पारा कोसळायचा आणि मग सप्टेंबरपर्यंत तिथेच रेंगाळायचा, कारण उत्तरेकडून उंचावरून येणारी उबदार हवा त्याला आणखी उतरू देत नसे. बर्फ वाचवायचा तर ती हवाच अडवायची, ही कल्पना धोपेश्वरकरांची. ध्रुवाभोवती तरंगत्या स्तंभांचं कडं उभं राहिलं आणि त्याला वातकुंपण हे नाव पडलं. यंदा पारा थांबलाच नव्हता. प्रत्येक नव्या नीचांकाला साहेब स्वतःची पाठ थोपटून घेत होते.

"थंड हवा जड," तगारे म्हणाली. "ती जमिनीलगत उताराने समुद्राकडे वाहून जाते. तिची जागा वरून येणारी हवा घ्यायची. तीच आपण अडवली. उपसा चालू, भरणा बंद."

"मग कुंपणच बंद करू!"

"एकदम? बाहेरची हवा अशी घुसेल की या इमारतीची एक भिंत उभी राहणार नाही. महिनाभर हळूहळू उतरवायला हवं."

धोपेश्वरकरांचा चेहरा पडला. माणसांनी मध्ये लुडबुड करू नये म्हणून त्यांनी सगळा कारभार स्तंभांवरच सोपवला होता. सूर्याचा पहिला किरण पडला की कुंपण एका क्षणात बंद, म्हणजे उन्हाळ्यातल्या विमानांना अडथळा नको. मग ते एकदम सावरले.

"पण सूर्य उगवायला अजून महिना आहे! मुख्यालयाला कळवू. स्तंभांकडे माणसं पाठवू. आपण दहाही जण वाचू, तगारे!"

तिला त्यांचा राग यायला हवा होता. आली ती कीव.

"महिना आपल्याला आहे, सर. स्तंभ हजार किलोमीटर उत्तरेला आहेत. तिथे आज सकाळी सूर्य उगवला."

शेजारच्या खोलीत टाळ्यांचा कडकडाट झाला. देवस्थळी धापा टाकत दारात आले. त्यांचे डोळे आनंदाने चमकत होते.

"सर, बाहेरचा पारा चढतोय! मार्चपासून पहिल्यांदा! भराभर चढतोय!"