वाकणावरची पकड

सोमवार, दिनांक ९ जून २००३, सकाळ. स्थळ: नांदेडच्या गोदातीर संशोधन संस्थेची विषाणू प्रयोगशाळा. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमक्ष फरीदा शेख हिचा प्रयोग येथे फसला. रेणू लांबीनुसार वेगळे करणाऱ्या जेलवर जिथे आरएनएची पट्टी दिसायला हवी होती, तिथे काहीच उमटले नाही.

तिचे मार्गदर्शक आणि संस्थेचे संचालक डॉ. अमृतराव यांनी तिथल्या तिथे लबाडीचा आरोप केला. बुधवारी समिती तिची नोंदणी रद्द करणार होती. सहा वर्षांचे काम आणि नाव, दोन्ही जाणार होते. चौकशीसाठी निलंग्याहून निवृत्त प्राध्यापक शिवमूर्ती आले. ते कोणाचेच म्हणणे सहजासहजी मान्य करीत नसत, म्हणूनच समितीने त्यांना बोलावले होते.

भांडणाचे मूळ लहानसे होते. विषाणूचे जनुक पेशीत वाचले जाऊ लागते आणि लगेच अडखळते. तेवढ्यात तयार झालेल्या आरएनएच्या टोकाला एक वाकण असते. माणसाच्या पेशीतले एक प्रथिन ते वाकण घट्ट धरते आणि मगच वाचन पुढे सरकते, असे फरीदाचे म्हणणे. विषाणूला त्याचे स्वतःचे प्रथिन पुरते, पेशीचे प्रथिन केवळ अडगळ आहे, या सिद्धांतावर अमृतरावांची कीर्ती उभी होती.

प्रयोगाच्या ट्यूब, काहींत आरएनए, काहींत प्रथिन, काहींत दोन्ही एकत्र, ज्या फ्रीजरमध्ये होत्या, त्याच्या किल्ल्या तिघांकडे होत्या: फरीदा, अमृतराव आणि देविदास.

देविदास हा सहसंशोधक. दहा वर्षांपूर्वीच्या लातूरच्या भूकंपात घर गेलेला. आता शनिवार-रविवार लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये शिकवणारा. लेखावर पहिले नाव कोणाचे, यावरून त्याचे फरीदाशी वर्षभर बोलणे नव्हते. रविवारी संध्याकाळी तो परतला होता.

“ट्यूब तू बिघडवल्यास?” शिवमूर्तींनी विचारले.

“बाईंशी माझं पटत न्हाई, हे खरंय. पर त्यातलं प्रथिन माझ्या हातचं हाय, सर. चार महिने थंड खोलीत बसून काढलंय. नाक गळायचं नुसतं.”

“आणि आरएनए?”

“त्याचं काय? एका दिवसात नवा बनतोय.”

फरीदाने सांगितले की शुक्रवारी सर्व काही ठीक होते. आरएनएचे तुकडे करणारे एन्झाइम प्रयोगशाळेत ठेवायचे नाही, हा नियम होता. त्याची एकच बाटली संचालकांच्या कपाटात कुलूपबंद असे.

“मी खोटं बोलून राहिले असेन, तर ट्यूब अजून फ्रीजरात हायेत,” ती म्हणाली. “तुम्हीच लावून बघा.”

अमृतरावांनी चौकशीचीच हेटाळणी केली. शनिवारी रात्रभर वीज नव्हती. आरएनए कधी असलाच, तर तो वितळून नासला असेल. शिवाय पोरीला उघड्या बोटांनी ट्यूब हाताळायची खोड होती, आणि घामातही ते एन्झाइम असते.

मंगळवारी शिवमूर्तींनी जेल स्वतः लावली. ज्या ट्यूबांत नुसता आरएनए होता, त्या सर्वांत त्याचा चुरा झालेला. साठवलेले प्रथिन मात्र निरोगी. ताज्या आरएनएला त्याने व्यवस्थित धरले. ज्या ट्यूबांत आरएनए आणि प्रथिन एकत्र होते, तिथे एक आखूड, स्वच्छ पट्टी उमटली. अमृतराव तिला कचरा म्हणाले.

बुधवारी समितीच्या आणि संस्थेच्या नियामक मंडळाच्याही अध्यक्षा कावेरीबाई यांच्यासमोर शिवमूर्ती उभे राहिले.

“अमृतराव, फ्रीजर बंद पडला तर आधी काय नासते? आरएनए की प्रथिन?”

“हा काय प्रश्न झाला?” अमृतराव म्हणाले. कावेरीबाईंनी प्रश्न पुन्हा विचारला.

“प्रथिन,” अमृतराव म्हणाले.

“ते तर शाबूत आहे. म्हणजे वीज निर्दोष. उघड्या बोटाने एखादी ट्यूब बिघडते. सगळ्या एकसारख्या बिघडत नाहीत. एन्झाइम ओतले गेले. ते तुमच्या कपाटात असते.”

“कुलूप कोणीही उघडेल. देविदासला विचारा.”

“विचारले. एकत्र ट्यूबांत त्याच्याच हातचे, चार महिन्यांचे प्रथिन होते; तिथे एन्झाइम ओतून तो स्वतःची मेहनत कशाला वाया घालवील? तेही एका दिवसात पुन्हा बनणारा आरएनए नासवण्यासाठी? नुसत्या प्रथिनाच्या ट्यूब सोडून बाकी सगळ्यांत एन्झाइम एकाच माणसाने ओतले असते. ज्याला ते प्रथिन अडगळ वाटत होते, त्याने.”

अमृतरावांनी खुर्ची मागे सरकवली. “हा तर्क आहे, पुरावा नव्हे.”

“पुरावा तुम्हीच तयार केलात. एकत्र ठेवलेल्या ट्यूबांतही तुम्ही एन्झाइम ओतले. त्याने उघडा आरएनए सगळा खाल्ला. प्रथिनाने जेवढा धरला होता, तेवढाच वाचला. ती आखूड पट्टी म्हणजे नेमके ते वाकण. मी मोजून पाहिले. प्रथिनाने ते धरलेच नसते, तर तिथे काहीच उरले नसते. फरीदाचा शेवटचा प्रयोग तुमच्या हातून झाला.”

अमृतराव फरीदाकडे पाहत म्हणाले, “माझ्याच घरात बसून माझं नाव पुसायला निघाली होती ही.”

कावेरीबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“फरीदाचा निष्कर्ष खरा आहे. तिची नोंदणी कायम. ट्यूब अमृतरावांनी बिघडवल्या. आजपासून ते या संस्थेत नाहीत.”