काठी मोडो तुमची!

त्या दुपारी आभाळाचं काही केल्या ठरत नव्हतं – पाऊस पाडावा की बर्फ? शेवटी दोन्ही एकदमच पडायला लागलं, आणि त्या चिखलकाल्यातून एक उंच तरुण बोग्नाच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरला. आत शेगडी पेटलेली होती. त्याचा चष्मा क्षणात पांढराफटक झाला.

"नमस्कार," तो टेबलावरच्या वजनकाट्याला म्हणाला.

"मी इकडे आहे," बोग्ना म्हणाली.

तो ओशाळून हसला. चष्मा काढून गळपट्ट्याने पुसू लागला, आणि तेवढ्या वेळात बोग्नाने त्याचे डोळे बघून घेतले. करडे, भाबडे… आणि काहीच नीट न दिसणारे. ज्याला आपण दिसत नाही, त्याच्याकडे हवं तेवढं बघता येतं, हा शोध तिला त्या दिवशी लागला.

"ट्राउट माशासाठी हलकी काठी हवी होती," तो चष्मा चढवत म्हणाला. "आणि तिला शोभेल असं रीळ."

"कुठे बसणार?"

"गिरणीच्या खालच्या अंगाला. नदी तिथे अरुंद आहे. काठची झाडं पार पाण्यावर ओणवलीत."

मग प्रश्नच नव्हता. अशा जागी आखूड काठी, मुठीत मावेल एवढं रीळ आणि केसासारखा बारीक दोरा. रादुन्या नदीच्या काठावर हे कुणीही सांगेल, आणि बोग्ना तर ब्रूनोची लेक. इथून चुकीची काठी कुणाच्या हाती जात नाही, ही त्या दुकानाची ख्याती. ब्रूनोचे गुडघे गेल्यापासून तो शेगडीमागे बसून रिळं दुरुस्त करायचा आणि गल्ला लेकीकडे होता.

तशी एक काठी भिंतीवर मधोमध टांगलेली होती. तपकिरी, सडपातळ, जणू त्याच्यासाठीच बनवलेली. बोग्नाने हात वर केला… आणि तिच्या मनात आलं, बरोबर काठी मिळालेला माणूस परत कशाला येईल? आलाच तर पुढच्या हिवाळ्यात.

तिचा हात शेजारच्या लांबलचक काठीवर गेला.

"ही घ्या," ती म्हणाली. शेगडीमागे ब्रूनोला खोकला आला.

निघताना तिने रीतीप्रमाणे म्हटलं, "काठी मोडो तुमची!" काठी मोडेल एवढा मोठा मासा लागो, एवढाच त्याचा अर्थ. यावर 'आभारी नाही!' असं ठणकावून सांगायचं असतं. आभार मानले की मासा गळावरून सुटतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"आभारी आहे," तो नम्रपणे म्हणाला.

बोग्नाला भरून आलं. किती नवशिका, बिचारा! तिने त्याला दुरुस्त केलं नाही. सगळं एकाच दिवशी शिकवलं तर उरणार काय?

त्याचं नाव सेवेरीन. चर्चचा ऑर्गन सुरात लावायला तो दक्षिणेकडून आला होता आणि पाद्रीबाबांकडे उतरला होता. ट्राउटसाठी नदी एक जानेवारीला खुली होते. तोवर तो बिनगळाचं वजन दोऱ्याला बांधून काठावर सराव करायचा. हे सगळं बोग्नाला चौकशी न करता कळलं, म्हणजे तिने फक्त बेकरीवाली, पोस्टमन आणि पाद्रीबाबांची स्वयंपाकीण यांनाच विचारलं.

तो लवकरच परत आला.

"काठी चांगली आहे," तो म्हणाला, "पण माझ्यापेक्षा झाडांशीच तिचं जास्त जमतं."

"मग दोष रिळाचा असेल," बोग्नाने बेधडक सांगितलं आणि समुद्रावरच्या माणसाला शोभेल असं एक दणकट रीळ त्या काठीला चढवलं.

"काठी मोडो तुमची!"

"आभारी आहे."

पुढच्या वेळी त्याचं मनगट दुखत होतं. बोग्नाने त्याचा हात हातात घेतला… तपासायला हो, दुसरं काय! बोटं लांब होती, गार होती, आणि तिच्या तळहातात अगदी गप्प पडून राहिली.

"काठीला रीळ बघायचं म्हणजे स्थळ बघण्यासारखंच," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "दोघांना मिळून एका बोटावर तोलायचं. कुणी कुणाला खाली ओढलं नाही, तर जमलं समजायचं."

"आणि ओढलं तर?"

"तर… वेगळा दोरा लावून बघायचा." आणि तिने त्याला जाडाभरडा, गुंतणारा दोरा दिला. त्याचा हात सोडायचं तिच्या मग लक्षात आलं.

तो येत राहिला. कधी दोरा सोडवून घ्यायला, कधी खसखशीचा केक घेऊन, तर एकदा नुसताच… चष्मा पुसायला. एके दिवशी केकचा तुकडा चिमटीत धरून म्हणाला, "ऑर्गनच्या भात्याचंही काम करा म्हणतायत पाद्रीबाबा. वसंतापर्यंत राहावं लागेल. मी अजून हो म्हटलेलं नाही. दोन तारखेच्या बसचं तिकीट आहे खिशात."

"का नाही म्हटलं?"

"राहायला काहीतरी कारण लागतं ना," तो म्हणाला. बोग्नाने घाईघाईने केकची ताटली त्याच्यापुढे सरकवली.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुकानात मुंगीला शिरायला जागा नव्हती. जो तो उद्याच्या तयारीत. गर्दी ओसरल्यावर ब्रूनो म्हणाला, "उद्या अख्खा गाव नदीवर असणार, पोरी. तो ऑर्गनवाला ती झेंड्याची काठी घेऊन उभा राहील. लोक हसतील. मग विचारतील, कुठून घेतलीस बाबा?"

"दुकानाचं नाव खराब होईल, कळतंय मला…"

"दुकान गेलं खड्ड्यात. त्याचं हसं होईल, त्याचं काय?"

बोग्नाचा चेहरा उतरला. खरं सांगावं तर तो रागावणार आणि परवाच्या बसने जाणार. न सांगावं तर उद्या सगळ्यांसमोर त्याची फजिती. मग तिने भिंतीवरची तपकिरी काठी उतरवली, मुठीएवढं रीळ लावलं, बारीक दोरा भरला, आणि चर्चकडे निघाली.

सेवेरीन वर, ऑर्गनच्या नळ्यांमध्ये बसला होता. बोग्ना धापा टाकत जिना चढली आणि श्वास घ्यायच्या आत बोलून मोकळी झाली.

"मी तुम्हाला चुकीची काठी दिली. रीळही. दोराही. सगळं जाणूनबुजून. ही घ्या बरोबर."

"जाणूनबुजून? का?"

"कारण बरोबर दिली असती तर तुम्ही परत आला नसतात!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आणि मला तुम्ही परत यायला हवे होतात. रोज. आता काय रागवायचं ते रागवा."

त्याने काठी घेतली, एका बोटावर तोलली. बोग्नाला ते बघवेना. ती वळली, जिना उतरू लागली, आणि सवयीने म्हणाली, "काठी मोडो तुमची."

"आभारी नाही!" वरून उत्तर आलं. ठणठणीत.

बोग्नाचा पाय पायरीवरच थबकला. ती सावकाश मागे फिरली.

"काय म्हणालात?"

सेवेरीनने जीभ चावली. पण आता उशीर झाला होता.

"तुम्ही नवशिके नाही!"

"दुनायेत्स नदीवर वाढलोय," तो हळूच म्हणाला. "आजोबांनी चालायच्या आधी काठी धरायला शिकवलं."

"म्हणजे ती लांब काठी…"

"चुकीची आहे, हे तुमचा हात शेजारी सरकला तेव्हाच कळलं होतं."

"मग घेतलीत कशाला?"

"बरोबर काठी दिली असतीत, तर परत यायला मलाच काहीतरी निमित्त शोधावं लागलं असतं. मी त्या बाबतीत फार मंद आहे." तो हसला, चष्मा काढला, उगाचच पुसला. "तुम्ही… तू माझं काम सोपं केलंस."

"लबाड!" बोग्ना म्हणाली. रडत होती की हसत होती, तिचं तिलाच ठाऊक. "आणि ते रोजचं आभारी आहे?"

"नवशिक्याने म्हणायला नको?"

"आणि मनगट? तेही खोटं दुखत होतं?"

"नाही गं, ते खरं दुखत होतं. केवढं ते रीळ!"

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीवर धुकं होतं आणि काठाच्या गवतावर गोठलेलं दव. सेवेरीनने ओणवलेल्या फांद्यांखालून नुसतं मनगट हलवलं. गळाची चमकती चकती पाण्याला शिवली आणि काठीचं टोक थरथरलं. मासा वीतभरच होता, पण ठिपक्याठिपक्यांनी नटलेला. त्याने तो ओल्या हाताने बोग्नाला दाखवला आणि सोडून दिला. काठ चढताना त्याने तिला हात दिला, तिने तो धरला, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले… आणि त्याच्या बुटाखाली कडाक् झालं.

काठीचे दोन तुकडे. काठावरच्या साऱ्या मंडळींनी टोप्या उडवून आरोळी ठोकली.

दोघं तुकडे घेऊन ब्रूनोसमोर उभे राहिले. ब्रूनोने चष्मा नाकावर ओढला आणि मोडलेली जागा चाचपली. अशी काठी तो जेवण आणि चहाच्या मधल्या वेळात जोडायचा. ते बोग्नाला माहीत होतं. सेवेरीनलाही.

"उद्या बस आहे माझी," सेवेरीन म्हणाला. "तोवर होईल?"

ब्रूनोने लेकीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती, आणि तिचा हात अजून त्याच्याच हातात होता.

"उद्या?" तो म्हणाला. "छे! फार अवघड जागी मोडलीये. वसंत तरी लागेल."

सेवेरीनने खिशातून तिकीट काढलं आणि शेगडीत टाकलं.

"बाबा…" बोग्ना म्हणाली. "बाबा, मी तुमची फार…"

"गप!" ब्रूनो घाईघाईने म्हणाला. "आभार मानू नकोस. सुटून जाईल."