झोपाळू

“ठमे, ऊठ! लपाछपीत कोणी झोपतं का!”

चष्मिषनं धाकट्या बहिणीला गदागदा हलवलं. रानातल्या पाचोळ्यावर पडलेल्या ठमीनं जेमतेम एक डोळा उघडला. “झोपाळू खाल्ली,” ती पुटपुटली आणि पुन्हा गुडूप!

मामेभाऊ ढोल्यानं तिला पाठुंगळी घेतलं. धापा टाकत दोघं घरी पोचले.

मामा अंगणात खुर्चीला वार्निश देत होता. “झोपाळू ना? मग कसली बोंबाबोंब! ऊन चढलं की मिटतात ती फुलं, म्हणून झोपाळू. लहानपणी मूठमूठ खायचो आम्ही. दमली असेल पोर, झोपू दे.”

“बाबा, तिचे ओठ निळे पडलेत, बघा ना!” ढोल्या रडकुंडीला आला.

“फुलांच्या नावांना काय घाबरायचं? सासूचं नाक आहे, रडूबाई आहे, उंदराचा पायजमा आहे...”

ठमीचा श्वास इतका हळू चालला होता, की चष्मिषला तो ऐकायला कान टेकवावा लागला. काय करू? कुणाला सांगू? तेवढ्यात ठमीच्या सैल मुठीतून एक फूल गळलं. जांभळं, टपोरं आणि सताड उघडं!

“मामा, भर दुपारी हे मिटलं का नाही?”

“असेल एखादं हट्टी!”

“मग खा!” तिनं फूल त्याच्यापुढे धरलं. “मूठमूठ खायचास ना? हे एकच खा!”

हसत हसत मामानं फूल तोंडाजवळ नेलं. उग्र, कडवट वास आला. हात तिथंच थांबला आणि हसूही.

“ही... ही ती नव्हे गं!”

“ही स्वतः झोपत नाही, मामा. झोपवते!”

ब्रश मातीत पडला. चष्मिषनं फूल मुठीत धरलं, मामानं ठमीला उचललं आणि गाडी सुसाट सोडली. मागच्या सीटवर दोघं आळीपाळीनं ओरडत राहिले, “ठमे, झोपू नकोस! ठमे!”

दवाखान्याचं दार बंद झालं. आतून फक्त भांड्यांचा आवाज. ढोल्यानं नखं कुरतडून संपवली. मामा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

अखेर डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. “वाचली! नुसतं नाव सांगितलं असतंत तर मीही फसले असते. फूल आणलंत, म्हणून नेमकं औषध देता आलं. शाब्बास रे पोरांनो!”

आत ठमी क्षीण आवाजात कुरकुरत होती, “माझ्यावर राज्य नाही हं!”

मामानं डोळे पुसले. “त्या विषारी फुलाचं नाव बदलायला हवं. एका नावाची दोन फुलं नकोत.”

“काय ठेवायचं?” चष्मिषनं विचारलं.

मामानं दारातून आत ठमीकडे पाहिलं.

“मामाची चूक,” तो म्हणाला.

आता त्या रानात सगळी मुलं त्या फुलाला याच नावानं ओळखतात. कुणी लांबून आलेलं पोर “असं काय नाव?” म्हणून हसलं, की मामा हातातलं काम टाकून त्याला सगळं सांगत बसतो.